‘पिट’ची संध्याकाळ: प्रकल्प नोंदी

१२ मार्च

खेळ पक्का झाला: ‘पिट’. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या पार्कर ब्रदर्सने १९०४ साली बाजारात आणलेला पत्त्यांचा डाव, शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमधल्या धान्याच्या सौद्यांवर बेतलेला. तारीख १८ मे, जागतिक वस्तुसंग्रहालय दिन. जागा तळमजल्याचे दगडी दालन. दोन सत्रे, पाच टेबले, टेबलाला सात खेळाडू, म्हणजे एका सत्रात ३५ जण.

या डावाच्या बाजूने मोठी गोष्ट ही की नियम सांगायला पाच मिनिटे पुरतात आणि पाळी नावाचा प्रकारच नाही. सगळे एकदम खेळतात, त्यामुळे ३५ जणांत ताटकळत बसलेला कोणी सापडत नाही.

नाशकात एक अडचण मात्र येणार. बाजारातली बोली म्हटले की इथल्या माणसासमोर लासलगाव नाहीतर पिंपळगाव उभे राहते: ट्रॅक्टरांची रांग, एका ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, क्विंटलमागे चढत जाणारा भाव आणि शेवटच्या बोलीला सुटलेला माल. विकणारा एक, घेणारे अनेक. शिकागोच्या अष्टकोनी पायऱ्यांच्या खड्ड्यात (त्यालाच पिट म्हणत) उभा असलेला दलाल एकाच वेळी विकायलाही तयार असे आणि घ्यायलाही. पत्त्यांच्या डावात तर भावच नाही. ओरडायचा तो नग, म्हणजे किती पत्ते बदलायचे तेवढा आकडा. कोणता माल हे सांगायचे नाही. तेव्हा सुरुवातीच्या माहितीत ‘लिलाव’ हा शब्द काढायचाच नाही, नाहीतर पहिल्या डावात लोक चढी बोली लावत बसतील.

१९ मार्च

नियमपत्र तयार. या डावाच्या आवृत्त्या अनेक आणि बारीकसारीक नियम वेगवेगळे, म्हणून एकच पाठ पक्का केला.

जितके खेळाडू तितके माल. प्रत्येक मालाचे नऊ पत्ते, प्रत्येकाला नऊ. सात जणांना ६३ पत्ते, त्यात बैल (तेजी) आणि अस्वल (मंदी) मिळून ६५. त्यामुळे दोघांच्या हातात दहा पत्ते येतात. ‘बाजार उघडला’ म्हटले की एक ते चार यांपैकी आकडा ओरडायचा. पत्ते एकाच मालाचे हवेत आणि पालथे द्यायचे. तेवढेच पत्ते देणारा मिळाला की अदलाबदल. बैल किंवा अस्वल एकटे देता येते, किंवा एका मालाच्या पत्त्यांत मिसळून. एका मालाचे नऊही पत्ते जमले की घंटा वाजवायची आणि ‘गव्हाची कोंडी!’ (म्हणजे बाजारातला सगळा गहू माझ्या हातात) असे ओरडायचे.

मोल: गहू १००, जव ८५, मका ७५, राय ७०, ओट ६०, गवत ५०, जवस ४०. बैल नवव्या पत्त्याच्या जागी चालतो. नऊ पत्ते आणि वर बैल असेल तर दुप्पट गुण. अस्वल हातात असताना नऊ जमले तरी कोंडी करता येत नाही. दुसऱ्याने डाव मारला तेव्हा हातात बैल असेल तर वजा २०, अस्वल असेल तर वजा २०, दोन्ही असतील तर ४०.

मूळ डाव ५०० गुणांपर्यंत चालतो. सात जणांच्या टेबलावर तेवढा वेळ मिळणार नाही. सत्राला सहा डाव: पहिले दोन बैल-अस्वलाशिवाय, पुढचे चार पूर्ण.

सर्वांत जास्त घोळ होतो तो अदलाबदलीच्या मोजणीत. देवाणघेवाण सारख्या संख्येची असल्याने हातातली संख्या डावभर बदलत नाही: नऊवाला नऊच राहतो, दहावाला दहाच. घाईत कोणी तीनऐवजी दोन सरकवले की एकाकडे आठ राहतात आणि तो माणूस जिंकूच शकत नाही, बैल मिळाला तरी. त्याला ते कळतही नाही, तो बिचारा ओरडत राहतो. उपाय: प्रत्येक टेबलाला एक मुनीम (स्वयंसेवक). तो डाव सुरू होण्याआधी सगळ्यांकडून हात मोजून घेईल. डाव मध्येच अडला, तीन मिनिटे कोणाचेच काही जमले नाही, तर ‘बाजार थांबला’ म्हणून पुन्हा मोजणी. खोटी घंटा: वजा २० आणि डाव पुढे चालू. मिश्र मालाची अदलाबदल पकडली गेली तर तीही वजा २०.

२७ मार्च

पत्त्यांची रचना. पहिल्या कच्च्या नमुन्यात गहू, जव, राय आणि ओट या चारही पत्त्यांवर लोंबी काढली होती. हातभर अंतरावरून चारही सारख्या दिसतात. कोपऱ्यात आद्याक्षर टाकावे तर गहू-गवत दोन्हींना ‘ग’ आणि जव-जवस दोन्हींना ‘ज’. शेवटी कोपऱ्यातली खूण म्हणून मोलच छापले: १००, ८५, ७५, ७०, ६०, ५०, ४०. सातही आकडे वेगळे, शिवाय गुण पाठ करावे लागत नाहीत. डावा वरचा आणि उजवा खालचा, असे दोन्ही कोपरे. म्हणजे पत्ता उलटा आला तरी पंख्यात आकडा दिसतो.

रंगाची पट्टी सात रंगांची, पण केवळ रंगावर विसंबायचे नाही. लाल-हिरवा न ओळखणारा माणूस ३५ जणांत एखादा असतोच. ओटाला लोंबीऐवजी लोंबणारा झुबका, जवाला लांब कुसळ, गवताला पेंढी, जवसाला निळे फूल, मक्याला कणीस. रायचा पत्ता बघून ‘मोहरी का?’ असा प्रश्न येणार. मुनिमाने एका वाक्यात सांगायचे की हे थंड प्रदेशातले, गव्हाच्या कुळातले धान्य.

माल बदलून सगळा डाव ‘नाशिकी’ करावा अशी सूचना होती. ऐतिहासिक टेबलांवर ते करायचे नाही. हे सात माल १९०४ च्या शिकागोच्या परिसराचे आहेत आणि तेच दाखवायचे आहे. गवताचा पत्ता आहे कारण तेव्हा शहरातली मालवाहतूक घोड्यांवर चालायची. ते काढून तिथे टोमॅटो टाकला की डाव राहतो आणि इतिहास जातो.

४ एप्रिल

छपाईचा हिशोब. पत्ता ५७ × ८९ मिमी, कागद १२ × १८ इंच. कापायला ३ मिमी जागा सोडून आडवे-उभे ३ × ७ बसतात, म्हणजे एका कागदावर २१ पत्ते. ६३ पत्त्यांना बरोबर तीन कागद. पाच संचांना १५ कागद आणि बैल-अस्वलांसाठी सोळावा: त्यावर दहा पत्ते आणि ११ जागा शिल्लक. त्या ११ जागांवर प्रत्येक मालाचा एक सुटा, एक बैल, एक अस्वल आणि दोन कोरे पत्ते टाकले. हरवलेला पत्ता यातून भरायचा.

मांडणीत एक मेख आहे. एका कागदावर सगळा गहू एका बाजूला ठेवला आणि कटिंगला गठ्ठा अर्धा मिलिमीटर सरकला, तर गव्हाच्या प्रत्येक पत्त्याची पाठ एकाच बाजूला सरकलेली दिसते. दोन डावांत कोणाच्या तरी ते लक्षात येते आणि पत्ते ‘खुणेचे’ होतात. म्हणून प्रत्येक कागदावर सातही मालांचे तीन-तीन पत्ते घेतले आणि पुढच्या कागदावर रकाने दोन घरे पुढे सरकवले. पाठीला पांढरी चौकट ठेवली नाही. चौकट असली की कमी-जास्त कापलेले लगेच दिसते. काठापर्यंत जाणारी बारीक नक्षी घेतली.

११ एप्रिल

३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. छापखान्याने पहिला नमुना एकाच बाजूने लॅमिनेट करून दिला. एका रात्रीत पत्ते पाठीकडे वळले: कोरड्या हवेत उघडी बाजू ओलावा सोडून आकसते आणि प्लॅस्टिकची बाजू तशीच राहते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या हवेत हे होणारच. दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन करून घेतल्यावर पत्ते सपाट राहिले. ६५ पत्त्यांची चळत साधारण २२ मिमी भरते. कोपरे ३ मिमी त्रिज्येने गोल. चौकोनी कोपरे पहिल्याच संध्याकाळी फुटतात.

पिसण्याबद्दल. डाव संपतो तेव्हा एका मालाचे नऊ पत्ते एकत्र आणि बाकीच्यांच्या हातातही सहा-सहा, सात-सात पत्त्यांचे गठ्ठे असतात. वरवर पिसले तर पुढच्या वाटपात कोणाकडे तरी चार-पाच गहू एकदम जातात आणि डाव मिनिटात संपतो. एवढे जाड पत्ते दोन गड्ड्यांत फरफरवून मिसळणे बहुतेकांना जमत नाही. त्यामुळे पत्ते टेबलावर पालथे पसरून दोन-तीन जणांनी दोन्ही हातांनी अर्धा मिनिट कालवायचे, मग गोळा करून वाटायचे.

१६ एप्रिल

चाचणी डाव, दालनातच.

आधी टेबल. सहा फुटी आयताकृती टेबलावर टोकाच्या दोघांचा एकमेकांशी व्यवहारच होत नाही, मधल्या चौघांचाच बाजार चालतो. चार फूट व्यासाचे गोल टेबल बरोबर बसते: समोरासमोरचे दोन हात मध्यावर भेटतात आणि परिघावर माणशी सुमारे ५५ सेंमी जागा मिळते. खुर्च्या नकोत. बसलेला माणूस शेजाऱ्याशीच सौदा करतो, उभा असलेला समोरच्याला गाठतो. शिकागोच्या पिटला पायऱ्या होत्या त्याचे कारणही हेच, प्रत्येकाला प्रत्येक जण दिसावा. वयस्करांसाठी टेबलामागे एक उंच स्टूल. मंडपवाल्याकडून टेबलासोबत सॅटिनची झालर येते. ती काढायची, तिच्यावरून पत्ते घसरून खाली जातात. त्याऐवजी जाड खादी ताणून बांधायची.

मग आवाज. दगडी भिंती, दगडी फरशी, उंच छत. एका टेबलाचा गोंगाट चालतो. तीन टेबले सुरू झाली की ‘दोन’ आणि ‘तीन’ यांतला फरक मिटतो. दोन्हींचा शेवट ‘न’ आणि घुमणाऱ्या खोलीत तेवढाच कानावर येतो. ‘एक’ आणि ‘चार’ स्वच्छ ऐकू येतात. म्हणून नियम जोडला: आकडा ओरडताना तेवढी बोटे डोक्याच्या वर. बोटांची भाषा मूळ बाजारातही होतीच. तिथे तळहात स्वतःकडे म्हणजे घ्यायचे आहे, समोर म्हणजे विकायचे आहे. आपल्या डावात घेणे-विकणे एकच असल्याने तळहात कसाही चालेल.

फोनवरच्या ॲपने आवाज ९० डेसिबलच्या वर दाखवला. असली ॲप अचूक नसतात, तुलनेपुरती घ्यायची. भिंतींना जाड पडदे आणि टेबलांखाली सतरंज्या टाकल्यावर आकडा फारसा उतरला नाही, पण घुमणे कमी झाले आणि शब्द कळू लागले. काम होते ते तेवढेच. मुनिमांना फोमचे कानबोळे द्यायचे, ते दोन्ही सत्रे तिथेच असतील. काचेची कपाटे असलेल्या भिंतीपासून टेबले किमान दोन मीटर लांब.

२४ एप्रिल

घंटा. पाच टेबलांवर पाच सारख्या घंटा ठेवल्या तर शेजारच्या टेबलाची घंटा ऐकून आपले टेबल थांबते. प्रत्येकाला निराळा आवाज हवा.

घेतलेले: पूजेची पितळी घंटी, हॉटेलच्या काउंटरवरची टिंग घंटी, पालथी स्टीलची थाळी आणि पळी, चिपळ्या, टाळ. टाळ बाद: दोन्ही हात लागतात, मग पत्ते टेबलावर उताणे पडतात आणि घंटा खोटी निघाली तर सगळा हात उघडा झालेला असतो. चिपळ्याही बाद, लाकडाचा आवाज माणसांच्या आरड्यात विरून जातो. त्यांच्या जागी पाटीवर बसवलेली सायकलची घंटी आणि दोरीला टांगलेला शाळेचा छोटा टोल. धातूचा तीक्ष्ण आवाज आणि एका हाताने वाजणे, या दोन अटी पाळल्या की पुरे.

घंटा टेबलाच्या मध्यावर, भोवती खडूने वीतभर वर्तुळ. वर्तुळात कोपर, पत्ते, पाण्याची बाटली काही नाही. पाणी तर टेबलावर नकोच, बाहेरच्या व्हरांड्यात माठ.

३० एप्रिल

फलकांचा मजकूर. हे सर्वांत वेळखाऊ काम निघाले, कारण डाव काय दाखवतो आणि काय लपवतो हे इथेच सांगायचे आहे.

फलक १: शिकागो. बोर्ड ऑफ ट्रेडची स्थापना १८४८. १८५० च्या दशकात गव्हाच्या प्रती ठरल्या, आणि मग एका शेतकऱ्याचा गहू दुसऱ्याच्या त्याच प्रतीच्या गव्हात मिसळून कोठारात ठेवता येऊ लागला. पावती महत्त्वाची झाली. पोते कोणाचे, हा प्रश्न मिटला. सारख्या नऊ पत्त्यांचा डाव या प्रतवारीवरच उभा आहे. गव्हाच्या वायद्याचा (माल पुढे द्यायचा, भाव आज ठरवायचा) एक सौदा ५,००० बुशेलचा, बुशेल ६० पौंडांचे; म्हणजे सुमारे १,३६१ क्विंटल. कांद्याचा ट्रॅक्टर २५ क्विंटलचा धरला तर ५४ ट्रॅक्टर. हा आकडा मोठ्या अक्षरात घ्यायचा, आपल्याकडच्या माणसाला तो लगेच समजतो. डावाचा शोध लावल्याचे श्रेय एडगर केसीला दिले जाते. ‘दिले जाते’ इतकेच लिहायचे.

फलक २: कोंडी. जोसेफ लायटरने १८९७ मध्ये शिकागोचा गहू कोंडायला घेतला. थंडीत सरोवरे गोठतात, बाहेरून माल येणार नाही, हा हिशोब. फिलिप आर्मरने बर्फ फोडणाऱ्या बोटी लावून डिसेंबरात गहू शिकागोत आणला. पुढच्या वर्षी लायटर पुरता बुडाला. डावात हे होऊच शकत नाही, कारण गव्हाचे पत्ते जगात नऊच आहेत. दहावा कुठूनही येत नाही. खऱ्या कोंडीची सगळी मारामारी त्या दहाव्या पत्त्यासाठी असते. फलकावर हे ठळक हवे, नाहीतर लोक घरी जातात ते कोंडी करणे सोपे असते असे समजून.

फलक ३: कांदा. नाशकात हा फलक नसून चालणार नाही. १९५५ साली सॅम सीगल आणि व्हिन्सेंट कोसुगा यांनी शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजवर कांदा कोंडला. शिकागोतला जवळपास सगळा कांदा त्यांच्या हातात होता. मग त्यांनी उलटे सौदे केले, भाव पडण्यावर पैसे लावले आणि साठा बाजारात ओतला. खराब होऊ लागलेला कांदा शहराबाहेर पाठवून साफ करायचा, नव्या पोत्यांत भरून परत आणायचा. बघणाऱ्याला वाटावे, नवीन आवक चालूच आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये ५० पौंडांच्या (सुमारे २३ किलो) पोत्याला २ डॉलर ७५ सेंट होते, मार्च १९५६ मध्ये १० सेंट. रिकाम्या पोत्याची किंमत त्याहून जास्त. शेतकरी बुडाले आणि १९५८ च्या कायद्याने अमेरिकेत कांद्याचे वायदे बंद झाले. तो मांडणारे मिशिगनचे प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले.

फलक ४: आपल्याकडे. बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन, १८७५, हा भारतातल्या संघटित वायद्यांचा आरंभ. वायद्यांच्या नियमनाचा कायदा १९५२. बाजूला हत्ता पद्धतीचे चित्र: रुमालाखाली दोन हात, बोटे धरून ठरणारा भाव. तो दोघांनाच कळायचा, ज्याचा माल त्या शेतकऱ्याला नाही. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. आवारात उघड लिलाव हे या लपवाछपवीला उत्तर. पिटमधला आरडाओरडा बाहेरच्याला वेडेपणा वाटतो, पण ओरडण्याचा मुद्दा तोच: सगळ्यांनी ऐकावे.

६ मे

स्थानिक संच. पाचव्या टेबलावर दुसऱ्या सत्रात ‘आधुनिक रूपांतर’ अशी स्पष्ट पाटी लावून खेळवायचा. पहिल्या यादीत द्राक्षे, टोमॅटो, डाळिंब होते. काढले. टोमॅटोची क्रेट चार दिवस दाबून ठेवणाऱ्याला कोंडी करता येत नाही, उकिरडा करता येतो. मूळ सातही माल कोरडे, टिकाऊ आणि प्रतवारी होणारे होते, त्याच कसोटीवर यादी केली: कांदा १००, बेदाणा ८५, सोयाबीन ७५, हरभरा ७०, गहू ६०, मका ५०, बाजरी ४०.

कांदा या यादीत थोडा उपरा आहे. उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो, पण घटत आणि सडत. म्हणून त्यालाच एक जादा नियम: डाव सुरू झाल्यापासून दर मिनिटाला मोल २० ने उतरते. १००, ८०, ६०, ४०, २०, त्याखाली नाही. मुनीम वाळूचे घड्याळ उलटतो आणि मोठ्याने ‘सड!’ म्हणतो. चाचणीत पहिल्या मिनिटात कांदा जमवायला झुंबड आणि तिसऱ्या मिनिटापासून तोच कांदा खपवायला झुंबड. चार-चारच्या अदलाबदली एरवी क्वचित होतात, इथे त्याच जास्त. नियम ठेवला.

हत्ता पद्धतीने मुका डाव खेळून पाहिला: बोलायचे नाही, उपरण्याखाली हात धरून जितकी बोटे दाबली तितके पत्ते. सात जणांत चालत नाही, एका वेळी दोघेच गुंततात आणि बाकीचे उभे. चौघांत चांगला चालतो, संथ पण डोक्याचा. वेगळ्या खोलीत एक छोटे टेबल त्यासाठी: चार माल, ३६ पत्ते, बैल-अस्वल नाही. गोंगाट सोसत नाही त्यांची सोयही तिथेच. या टेबलाचे आणि स्थानिक संचाचे पत्ते मिळून सहा कागद जादा छापले.

१२ मे

जुन्या संचातले सहा पत्ते एका संग्राहकाकडून प्रदर्शनापुरते मिळाले. प्रकाश ५० लक्सपेक्षा कमी, चिकटपट्टी नाही, पॉलिएस्टरचे कोपरे, आम्लविरहित पुठ्ठा. कपाट खेळाच्या दालनात न ठेवता जिन्याजवळ. बाकी काही विशेष नाही.

१७ मे

मांडणी पूर्ण. मुनिमांची उजळणी. दर संचाचे पत्ते मोजून रबर न लावता कागदी पट्टीने बांधले. रबराने कडेला खाच पडते.

मेमध्ये वळवाचा भरवसा नाही, वीज जाऊ शकते. प्रत्येक टेबलावर बॅटरीचा दिवा आणि नियम: अंधार झाला की पत्ते पालथे, हात वर, दिवा लागेपर्यंत अदलाबदल नाही.

सुरुवातीच्या माहितीचा मसुदा दीड मिनिटावर आणला. पहिले वाक्य: ‘मंडळी, इथे भाव नाही, फक्त नग आहेत. ओरडायचा तो आकडा, दाखवायची ती बोटे, मालाचे नाव तोंडातून काढायचे नाही.’ मालाचे नाव सांगितले तर काही मोडत नाही, पण मग समोरचा फक्त हवे तेच घेतो आणि डाव रेंगाळतो.

१८ मे

पहिले सत्र सव्वासहाला सुरू, ३५ जागा भरल्या. दुसऱ्यात ३३, एका टेबलावर पाच जण उरले, त्यांच्यासाठी गवत आणि जवस काढून ४५ अधिक दोन अशा ४७ पत्त्यांवर डाव.

पहिला डाव प्रत्येक टेबलावर सहा-सात मिनिटे चालला, चौथ्यापासून दोन-तीन मिनिटे. वेग येतो तो ओरडण्याने नाही. लोक एका मालावर अडून राहणे सोडतात तेव्हा येतो. नवा खेळाडू हातात चार गहू दिसले की गहूच धरून बसतो. दुसराही चार धरून बसला की नववा गहू सोडायला कोणीच तयार नाही, आणि दोघांच्या हट्टात तिसराच साठ गुणांचा ओट मारून नेतो. मुनिमांनी हे सांगायचे नाही असे आधीच ठरले होते. दुसऱ्या-तिसऱ्या डावात ते आपोआप उमगते.

दुसरी नेहमीची गंमत: दिलेले दोन पत्ते तीन हात फिरून परत येणे. सगळे एकच माल टाकत असतात तेव्हा असे होते. यावर उपाय एकच, ‘दोन’ सोडून ‘एक’ ओरडायचे आणि साखळी तोडायची.

अस्वल खपवायची चलाख रीत तिसऱ्या टेबलावर दिसली: दोन जवस आणि मध्ये अस्वल, ‘तीन, तीन!’ घेणाऱ्याला वाटते तीन पत्ते एका मालाचे येत आहेत. नियमात बसते. त्यावर एका काकांनी ‘हा तर खालचा थर लपवून विकलेला माल’ अशी तक्रार केली, मुनिमाने नियमपत्र दाखवले.

खोट्या घंटा पाच, बहुतेक बैलाच्या गोंधळाने: आठ पत्ते, बैल आणि अस्वल असा दहाचा हात. अस्वल असताना चालत नाही हे वाचलेले असते, पण बैल दिसला की हात घंटेकडे जातो. पुढच्या वेळी अस्वलाच्या पत्त्यावरच ‘कोंडी नाही’ असे छापायचे.

सातच्या सुमारास वारा सुटला आणि वीज गेली. पत्ते पालथे, हात वर. एका टेबलावर हात वर करताना पत्ते उडाले, तो डाव रद्द.

कांद्याच्या टेबलावर गर्दी सर्वांत जास्त. न खेळणारेही मागे उभे राहून ‘अरे सोड तो कांदा’ म्हणत होते. हे थांबवायला हवे, मागून बघणाऱ्याला पत्ते दिसतात. टेबलाभोवती एक मीटरवर दोरी लावायची होती.

पावणेनऊला दालन बंद.

२० मे

मोजणी. चार संच पूर्ण. टेबल २ च्या संचात मका एक कमी, सुट्यांतून भरला. स्थानिक संचात कांद्याचे दोन पत्ते मध्यावर दुमडलेले. जादा कागदावरच्या सुट्या कांद्यांनी बदलले, आता सुटा कांदा एकच उरला. सायकलच्या घंटीची स्प्रिंग बसली, नवीन आणायची. खादीच्या दोन चादरींवर खडूची वर्तुळे राहिली आहेत, पुढच्या वेळी वर्तुळ शिवूनच घ्यायचे.

छापखान्याला पुढची मागणी: अस्वलाचा बदललेला पत्ता आठ नग, कांदा नऊ नग आणि मुक्या डावासाठी आणखी एक ३६ चा संच. एकूण ५३ पत्ते, तीन कागद, दहा जागा रिकाम्या. त्यांत प्रत्येक ऐतिहासिक मालाचा एक सुटा आणि तीन बैल.